वारुळाच्या तोंडचा खडा

माणसांनी घड्याळ करण्याच्याही आधीची गोष्ट. एका खळ्याच्या कडेला मुंग्यांचं वारूळ होतं आणि त्याच्या तोंडाशी, भर उन्हात, एक काळा खडा होता. उन्हाळ्यात थोरली मुंगी त्यावर पाय ठेवून बघायची. पाय पोळला की दाणे वाहणारी रांग आत यायची, ती ऊन उतरल्यावरच पुन्हा निघायची.

नव्या मुकादम मुंगळ्याला हे काही पटेना. "हा खडाच कामचुकार आहे," म्हणत त्याने तो ढकलत आत सावलीत आणला. मग रोज त्यावर बसून तो सांगू लागला, "खडा गार आहे. चला, उचला दाणे."

एका दुपारी चिमी नावाची मुंगी वाटेतच कोसळली. सोबतिणींनी तिला कशीबशी ओढत आत आणलं. ओल्या मातीत बऱ्याच वेळाने तिने एक पाय हलवला, तेव्हा कुठे मुकादमाच्या जिवात जीव आला.

"थोरल्या आई, उद्यापासून काय करू?" त्याने विचारलं.

"उद्याचं राहू दे. खडा होता तिथे नेऊन ठेव, आत्ताच."

मुकादम खडा ढकलत उन्हात निघाला. बाहेर रांग अजून चाललीच होती. चौथ्या पावलाला त्याचे पाय पोळले. खडा तिथेच टाकून तो मागे वळला आणि रांगेला म्हणाला, "आत चला गं सगळ्या."