वेशीवरचा लंगोट

कोणत्या राजाच्या काळातलं ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. फार जुनी गोष्ट आहे, एवढं खरं. एका गावात नामांकित तालीम होती. लांबलांबचे तरुण तिथे राहून कुस्ती शिकत. तालमीच्या मागे ओढा, आणि ओढ्यापलीकडे एका म्हाताऱ्या वैद्यबुवांचं घर. मोजून दोनशे पावलं.

तालमीच्या वस्तादांचा एक नियम होता. जो नशा करील तो तालमीबाहेर, आणि त्या वेळी जो त्याच्यासोबत असेल तोही बाहेर. नुसतं हाकलून भागत नसे. त्याचा लंगोट गावाच्या वेशीवर टांगायचा, म्हणजे येणारेजाणारे बघतील आणि आईबापांच्या कानावर जाईल. पाच वर्षांत वेशीवर एकही लंगोट चढला नव्हता, आणि हे वस्ताद मिशीला पीळ देत सांगायचे.

वैद्यबुवा ऐकत आणि औषधं कुटत राहत. थकले होते हो ते. वयाचा थकवा वेगळा, तो झोपलं की थोडा उतरतो. पण माणूस हातचा गेल्यावर बोलावणं यायचं, त्याचा थकवा काही केल्या उतरत नव्हता.

एका सणाला सकाळीच चार पठ्ठ्यांनी चोरून भांग घोटली. तिच्यात कुणीतरी धोतऱ्याचं विषारी बी घातलं होतं. चौघांतला एक कोसळला. आता पहिलवानांचा समज असा, की आखाड्याच्या हौद्यातली तांबडी माती सगळं दुखणं ओढून घेते. कुस्तीनंतर अंग ठणकलं की ते मातीत लोळतात आणि त्यांना बरंही वाटतं. या तिघांनी तेच केलं. मित्राला हौद्यात निजवलं, गळ्यापर्यंत माती लोटली आणि त्याला घाम फुटायची वाट बघत बसले. वैद्यबुवांना बोलावणं गेलं ते दुपारी. ते पोचले तेव्हा मातीखालचं अंग गार पडलं होतं.

वैद्यबुवांना रागवायचं होतं, पण तेवढंही त्राण उरलं नव्हतं. सकाळीच का नाही आलात रे, एवढंच त्यांनी विचारलं.

एकजण मान खाली घालून म्हणाला, "आजोबा, तुमचं घर दोनशे पावलांवर होतं. पण वेस त्याहून जवळ वाटली."

दुसऱ्या दिवशी तिघांचे लंगोट वेशीवर चढले. मेलेल्याचाही चढला. हो, मेलेल्याचासुद्धा, नियम म्हणजे नियम! त्याची आई दोन दिवस चालून आली ती वेशीतच थांबली. तिने तो लंगोट सोडवला, पदरात बांधला आणि तशीच माघारी गेली. वैद्यबुवांनी हे पाहिलं. 

मग काठी टेकत ते वस्तादांकडे गेले. मागणं एकच होतं. जो मदतीला हाक मारील त्याला, आणि जो पडला असेल त्यालाही, शिक्षा नको. वस्ताद म्हणाले, अशाने सगळेच सोकावतील.

"पिणारे आजही पितातच, वस्ताद," वैद्यबुवा म्हणाले. "फक्त मरताना मला बोलावत नाहीत."

वस्तादांनी ऐकून घेतलं आणि तालमीवरचा पहारा वाढवला. नियम होता तिथेच राहिला.

वर्ष गेलं. राजाच्या कुस्त्यांच्या मैदानाला आठ दिवस उरले होते. वस्तादांचा सख्खा भाचा तालमीतला सगळ्यात तयारीचा गडी, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. मेहनत करून करून पोरगा इतका शिणला, की अंगदुखीवर अफू घेऊ लागला. एका सकाळी गोळी जरा मोठी झाली. वस्ताद आत आले तर भाचा भिंतीशी पडलेला, ओठ निळे, श्वास अडखळत चाललेला.

मग काय केलं असेल वस्तादांनी? दाराला आतून कडी घातली, फावडं उचललं आणि आपल्या हातांनी भाच्यावर माती लोटायला लागले. बातमी फुटली तर मैदान जाईल, तालमीचं नाव जाईल, बहिणीला तोंड काय दाखवायचं! ते घामाची वाट बघत बसले. भाच्याला काही घाम फुटेना. फुटला तो वस्तादांनाच.

वैद्यबुवा ओसरीवर काढा गाळत होते. मान वर केली तर अंगणात वस्ताद, हात कोपरापर्यंत तांबडे.

"बुवा, मीही मातीच टाकत बसलो," वस्ताद म्हणाले, आणि एवढा मोठा माणूस तिथेच रडायला लागला.

 वैद्यबुवांचं बोलायचं ते वर्षापूर्वीच बोलून झालं होतं. त्यांनी झोळी घेतली आणि निघाले. तालमीत पोचताच भाच्याच्या छातीवरची माती बाजूला केली, तोंड साफ केलं, आणि तोंडात फुंकून फुंकून त्याचा श्वास चालता ठेवला. संध्याकाळी भाच्याने डोळे उघडले. जीव वाचला, पण उजवा हात कायमचा लुळा पडला. लगेच आलो असतो तर हातही वाचला असता का, असं वस्तादांनी विचारलं. वैद्यबुवांनी हो म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वस्तादांनी स्वतःचा लंगोट वेशीवर टांगला. जमलेल्या गावासमोर त्यांनी आपली करणी सांगितली आणि नवा नियमही सांगितला. जो पडेल आणि जो त्याच्यासाठी वैद्यांकडे धावेल, त्या दोघांची तालीम सुटणार नाही, वेशीवर काही चढणार नाही. मात्र बरा झाला की महिनाभर रोज वैद्यबुवांपुढे बसून ती सवय सोडायची.

पुढे एका दुपारी वैद्यबुवांचा नुकता डोळा लागत होता. एक तरुण पहिलवान ओढा तुडवत, धापा टाकत आला. आम्ही नशा केलीय, सोबतीचा पडलाय, लवकर चला, असं सगळं त्याने एका दमात सांगितलं. वैद्यबुवा गुडघे धरत उठले. त्यांनी आधी त्या पोराच्या हातांकडे पाहिलं.

हातांना माती नव्हती.

"चल बाळा," ते म्हणाले. त्या दिवशी ते वेळेवर पोचले, आणि कितीतरी वर्षांनी रात्री त्यांना गाढ झोप लागली.

तात्पर्य: मदत मागणाऱ्यालाच शिक्षा होत असेल तर मदत मागायला कुणी येत नाही, म्हणून आधी जीव वाचवावा, चूक मागाहून सुधारावी.