पिवळा की पांढरा

“पिवळा की पांढरा, बाबा?”

घाटमाथ्यावरच्या पिराची जागा झाडून दस्तगीरबाबांची पाठ भरून आली होती. केरसुणी बाजूला ठेवून ते पायरीवर टेकले आणि गुडघे चोळत राहिले.

जालिंदर त्यांच्या शेजारी बसला. तोही थकलेला होता, पण त्याचा शिणवटा कामाचा नव्हता. दसऱ्यापासून त्याला धड झोप म्हणून लागलेली नव्हती.

“पांढरा एलईडी आहेच गाडीला,” तो म्हणाला. “आता क्रॅश गार्डवर दोन फॉग लॅम्प टाकतो. पांढरा लांब फेकतो, पिवळा धुक्यात बरा. तुम्ही सांगाल तो बसवतो.”

खरं तर हे कुणाला विचारायची त्याला गरज नव्हती. पंचक्रोशीत कुणाला मोटरसायकलला दिवा बसवायचा झाला तर लोक जालिंदरलाच गाठायचे, आणि तोही वॉट आणि व्होल्ट सांगून समोरच्याला दमवायचा. पण शहाण्याची अक्कल चालेनाशी झाली की तो पिराच्या पायरीवर येतो. तिथंसुद्धा आपल्याच मनातलं उत्तर ऐकायला येतो, ही गोष्ट वेगळी.

“कुणासाठी एवढा उजेड?” बाबांनी विचारलं.

“शैलासाठी.”

शैला त्याची बायको. घाटाखालच्या दवाखान्यात नर्स होती. रोज संध्याकाळी जालिंदर तिला गाडीवर मागं बसवून घाट चढून घरी आणायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी एका वळणावर समोरून टेम्पो अंगावर आला आणि दोघं गटारात गेली. ह्याला खरचटलं. तिचा हात मोडला.

“हात कसा आहे तिचा?”

“हात बरा झालाय. पण माझ्या मागं बसत नाही. एसटीनं येते.”

“मग येऊ दे.”

“पुढच्या महिन्यापासून तिकडंच खोली घेते म्हणते, बाबा…”

खोली एकदा झाली की बायको रविवारची पाहुणी होणार, हे त्याला कळत होतं, आणि त्याची त्याला फार भीती वाटत होती.

“भांडलात?”

“भांडली असती तर बरं झालं असतं. गप्पच असते. नवा दिवा दाखवला की एवढंच म्हणते, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.”

बाबा हसले नाहीत.

“टेम्पो कसा आला अंगावर?”

“आंधळ्यासारखा. एवढं मोठं वळण, आणि हा सरळ आमच्या बाजूला. आधी दोनदा अप्पर-डिपर मारला त्यानं.”

“म्हणजे दिवा खाली कर म्हणत होता.”

“होय.”

“मग केलास?”

“मी चढतीला होतो, बाबा. घाटात मान चढणाऱ्याचा. उतरणाऱ्यानं थांबायचं, दिवाही त्यानंच खाली करायचा. मी कशाला करू?”

उतरणाऱ्याने थांबायचं हा घाटाचा रिवाज खराच. दिव्याचं मात्र जालिंदरने पदरचं जोडलं होतं, आणि वर्षानुवर्षं तसं वागून त्याला तेही रिवाजच वाटू लागलं होतं.

“म्हणून म्हणतो, उजेड कमी पडला,” तो पुढं म्हणाला. “आणखी लांबून दिसला असता तर मी आधीच सावरलो असतो. शैला ऐकूनच घेत नाही. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल. …पिवळा सांगू का तिला?”

ऊन केव्हाच गेलं होतं. दरीतून अंधार वर चढत होता.

“किल्ली दे,” ते म्हणाले.

जालिंदरने दिली.

“तिकडं कडेला जाऊन उभा राहा.”

पिरासमोरच्या मोकळ्या जागेच्या टोकाला पूर्वी कठडा होता. आता तो ढासळला होता आणि पलीकडे सरळ दरी होती. जालिंदर तिथं जाऊन उभा राहिला. बाबा कण्हत उठले, मोटरसायकलवर बसले, हँडल त्याच्याकडे वळवलं आणि दिवा लावला. पूर्ण वर.

“आता ये माझ्याकडे.”

जालिंदरने एक पाऊल टाकलं आणि तो थांबला.

ही जागा त्याच्या पायाखालची होती. लहानपणापासून तो इथं नारळ घेऊन यायचा. पण आता समोर बाबा नव्हते, गाडी नव्हती, जमीनही नव्हती. दरी डाव्या हाताला की पाठीमागे, हेसुद्धा त्याला सांगता येईना. त्याने डोळ्यांवर हात धरला. काही उपयोग झाला नाही.

खालून घाट चढणाऱ्या एसटीचा आवाज येऊ लागला. शैला त्याच गाडीत असणार.

“बाबा… दिवा खाली करा.”

दिवा तसाच राहिला.

“बाबा, पाय उचलवत नाही. मी पडेन इथं. खाली करा की दिवा.”

उजेडाच्या पाठीमागून दमलेला, सावकाश आवाज आला.

“कशाला? मला दिसतंय की चांगलं.”