सुपडामायचा गाळ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा नदीला बारमाही पाणी असे, आणि देवासमोर दिलेला शब्द फिरवायला माणूस घाबरत असे. खानदेशात तामसखेडं नावाचं गाव होतं. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, आणि पाटाच्या पाण्यावर सगळ्या गावाची बागायत. पाणी पाळीनं मिळे. ज्याची पाळी, त्याच्या वावराचं दार पाटकरी उघडी.

त्या गावात सुपडाबाई राहत होती. नवरा वारलेला, पोरबाळ नाही. पाटालगतचं एक वावर तेवढं तिचं होतं. अंगानं काटकुळी, पण मान अशी ताठ की डोक्यावर हंडा नसला तरी आहे असं वाटावं.

एके वर्षी गावाजवळून सडक निघाली. सडकेला मुरूम हवा होता, खडी हवी होती. झुलाल पाटलानं मुकादमाला सुपडाबाईचं वावर दाखवलं. तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. वरची काळी माती उचलून कुठल्या कुठे फेकली, आणि खालचा मुरूम गाड्या भरभरून नेला. सडक सगळ्या गावाची झाली, खड्डा मात्र तिच्या एकटीचा राहिला. असं म्हणतात, त्यात उंट उभा केला तर वरून नुसते कान दिसत.

पाळ्या ठरवायला गाव बंधाऱ्यावरच्या म्हसोबापाशी जमलं, तेव्हा सुपडाबाईचं नाव कुणी घेतलंच नाही. ती उभी राहिली.

"मनी पाळी कोठे गई?"

झुलाल पाटील हसला. "जठे वावर नही, तठे पाळी कसानी? आधी त्या खड्डामा कणीस उभं करी दखाड. मंग पानी माग."

लोकही हसले. सुपडाबाईला रडू आलं नाही, संताप आला. मुरूम गेला तेव्हा ती गप्प बसली होती. पण पाळी गेली म्हणजे गावातून आपलं नावच पुसलं, हे तिला कळत होतं, आणि ते ती होऊ देणार नव्हती.

"बरं," ती म्हणाली, "पानी नका देऊ. पाटमाधला गाळ तरी देशाल का?"

दर पावसाळ्यानंतर पाट गाळानं भरे. सगळं गाव मिळून तो उपसे आणि काठावर टाकून देई. त्या घाणीला कोण विचारतो? पाटलानं म्हसोबाच्या शेंदरावर हात ठेवला आणि ऐटीत म्हणाला, "पाट वाही तवलोंग सगळा गाळ तुना. लई जाय!" लोकांनीही हसत हसत शेंदराला हात लावले.

तेव्हापासून सुपडाबाई पाटी घेऊन निघाली. आधी तिनं खड्ड्याच्या तळाशी चिकणमाती पसरली आणि घराची जमीन करावी तशी पायांनी तुडवून बसवली, पाणी मुरून जाऊ नये म्हणून. मोठे धोंडे ओढून कडेनं बांध रचला. मग गाळ. पाटीवर पाटी, वर्षामागून वर्ष. पोरं ओरडत, "सुपडामाय, खड्डा पुरा का तू पुरी?" ती म्हणे, "खड्डाले इचारा!"

असं म्हणतात, एका श्रावणात ती काठावर उभी राहून नदीवरच खेकसली, "सगळास्ले देस, माले का नही?" त्या दुपारी नदी बांध चढून आली, इतर कुणाच्या वावराला न शिवता थेट खड्ड्यात शिरली, आणि गाळाचा थर सोडून आली तशी माघारी गेली. खरं-खोटं म्हसोबाला ठाऊक. पण खड्डा भरला.

तिनं जोंधळा पेरला. पाटाचा थेंब नाही, नुसत्या गाळाच्या ओलीवर तो वाढला. असं म्हणतात, त्या जोंधळ्यात शिरलेला बैल हाका मारून शोधावा लागे. सगळ्यात भरलेलं कणीस तिनं म्हसोबापुढे ठेवलं.

"आते पानी."

पाटील कणसाकडे बघेना. "हाई ओलवर उनं. पाटना पानीवर कोठे उनं?"

पाणी न देताच पाटाच्या पाण्यावर आलेलं कणीस मागायचं, हे आता गावालाही पटलं नाही. पण पाटलापुढे तोंड उघडायची कुणाची छाती? सुपडाबाई तडक घरी गेली.

पुढचा पावसाळा सरला. पाट गाळानं काठोकाठ भरला. गाव कुदळी-फावडी घेऊन आलं, तर पाटाच्या मधोमध पाटी पालथी घालून सुपडाबाई बसलेली.

"गाळ मना शे," ती म्हणाली. "म्हसोबासामने दिधेल शे. यंदा माले तो आठेच, पाटमाच ठेवना शे. मना मालले कोन्ही हात लावू नका!"

सगळे चपापले. शेंदराला हात तर सगळ्यांनीच लावला होता. पाटलाच्या गड्यानं जोर करून एक कुदळ घातलीच. असं म्हणतात, ती गाळात अशी रुतली की चार बैलांना निघाली नाही. मग कुणी पुढे झालं नाही.

बंधाऱ्यात पाणी तुंबलं, पाट कोरडा. पाटलाचा ऊस पिवळा पडू लागला. पाटलानं धमक्या दिल्या, ती हलली नाही. गावातल्या बायका तिथंच तिला भाकरी आणून देऊ लागल्या, आणि येताना आपापली पाटी आणून तिच्याशेजारी पालथी घालून बसू लागल्या. पाटलाची बायकोही येऊन बसली, तेव्हा झुलाल पाटील वहाणा काढून पाटात उतरला.

"ऊठ माय. पाळी देस तुले."

"'देस' नका म्हनू," सुपडाबाई म्हणाली. "पाळी मनीच व्हती. 'परत करस' म्हना."

पाटलानं आपल्या पिवळ्या उसाकडे पाहिलं. मग सगळ्या गावादेखत म्हणाला, "परत करस."

ती उठली. पहिली पाटी तिनं स्वतः उचलली, आणि संध्याकाळपर्यंत गावानं पाट मोकळा केला. पाणी आधी तिच्या वावरात गेलं. पाण्यात उभी राहून ती मोठ्यानं हसली म्हणतात, आणि ते हसू पलीकडच्या गावाला ऐकू गेलं.

सुपडामाय गेली त्याला किती पिढ्या झाल्या, कुणी मोजल्या नाहीत. त्या वावरात आजही ऊस आहे. हंगामाचं पहिलं पाणी तिथंच जातं, आणि दार उघडताना पाटकरी मोठ्यानं म्हणतो, "परत करस!" ते म्हटल्याशिवाय दार उघडायचं नाही, अशी रीत आहे. कधी कुणा गरिबाची पाळी तोडायची गोष्ट निघालीच, तर बायका पाट्या घेऊन पाटात उतरतात आणि पालथ्या घालून बसतात. तामसखेड्यात आजवर कुणाची पाळी तुटलेली नाही.