सुरंगीखाली बसलेली यशू

समुद्राकाठी एक गाव होतं. तिथे माणसं थोडी आणि सुरंगीची झाडं फार. त्या गावात यशू नावाची इवलीशी मुलगी आपल्या आईबरोबर राहायची. आई सुरंगीच्या कळ्यांचे वळेसर गुंफायची, म्हणजे पिवळेधमक, घमघमणारे गजरे! त्यावरच दोघींचं पोट भरायचं. पण यंदा तापातून उठल्यापासून आईचे हात थरथरू लागले. दोऱ्यात कळी धरवेना.

"माझे हात माझा ऐकणत नाय गो बाय," आई म्हणाली आणि तोंड फिरवून रडली.

यशू गुंफायला बसायची. पण बोटं दोऱ्यात आणि मन गावभर! गाठी सुटायच्या, कळ्या मातीत पडायच्या.

एका सकाळी ती परडी घेऊन म्हाताऱ्या सुरंगीखाली आली. झाडाला एकही कळी नव्हती. फांदीवरच्या जाळ्यात मात्र एक सोनुली मधमाशी अडकली होती. डंखाची भीती वाटत असूनही यशूने तिला अलगद सोडवलं. माशी भुर्रकन उडाली, झगमगली आणि समोर चक्क परी उभी राहिली! मधाच्या रंगाची, चमचमत्या पंखांची.

"गुणाची पोर गं तू! एक इच्छा माग."

दुसऱ्या कुणी खाऊ मागितला असता. यशू पटकन म्हणाली, "आयेचे हात बरे होऊंदेत."

"होतील. पण अट आहे. शेंड्यावरचं ऊन तुझ्या पावलांपर्यंत उतरेस्तोवर डोळे मिटून बसायचं. लक्ष आपल्याच अंगातून फिरवायचं, पायाच्या बोटांपासून डोक्यावरच्या टाळूपर्यंत. ते जिथे जाईल तिथे काय वाटतं, ते नुसतं बघायचं. मन पळालं तर परत आणायचं, पण त्याच्यावर रागवायचं नाही. रागावलीस, तर इच्छा गेली."

यशू बसली. अंगठ्याला माती गार लागत होती. टाचेखाली एक खडा टोचत होता. पोट हळूच फुगत होतं, हळूच बसत होतं. अय्या, आपलं पोट एवढं हलतं? तिला फार गंमत वाटली.

तेवढ्यात मन घरी पळालं. आई पुन्हा रडत असेल का? यशूने मनाला ओढून आणलं, ते पुन्हा सटकलं. आता ती त्याच्यावर खेकसणार, तोच तिला आपल्या घट्ट वळलेल्या मुठी जाणवल्या. तिने मुठी सोडल्या आणि वासराला बोलवावं तशी मनाला हाक मारली, "ये रे, ये."

मन आलं. पुन्हा पळालं, जत्रेतल्या गोड खाज्यापाशी घुटमळलं. "ये रे, ये." कंटाळा आला, पाय आखडले, तरी पोरगी उठली नाही. केवढी चिकाटी त्या एवढ्याशा जिवाची!

पावलांना ऊन लागलं. यशूने डोळे उघडले, तर ते भरून आले होते.

"मन माझा सारख्या पळत होता," ती म्हणाली. "आणि टाळूक कायच कळला नाय. माका खोटा सांगाक येणा नाय. मी हरलंय."

"वर बघ," परी म्हणाली.

म्हातारी सुरंगी पिवळ्या कळ्यांनी लगडली होती!

"मन जितक्यांदा मायेने परत आणलंस, तितक्या कळ्या धरल्या. मन पळायचंच, वेडे. त्याला परत आणणं, तेच तर मला हवं होतं. रोज थोडं बसत जा. आणि टाळूचं म्हणशील, तर ते घरी कळेल."

परीने पंख पसरले. सोनेरी उजेड पानापानांतून ओसंडला आणि त्या उजेडातच ती विरून गेली. मागे नुसता मधाचा वास राहिला.

यशू परडी भरून घरी धावली. आई ओट्यावर बसून स्वतःच्या हातांकडे बघत होती. हात जराही थरथरत नव्हते. तिने झरझर वळेसर गुंफला आणि पहिला वळेसर लेकीच्याच केसांत माळला.

मग तिने यशूच्या डोक्यावर हात ठेवला, ऊबदार आणि अगदी स्थिर. यशूने डोळे मिटले. आता तिला टाळू कळली.