गिरजामावशीनं काढलेलं पत्र

एका इस्पितळातल्या रोग्यांच्या आजारांची माहिती बाहेर फुटली आणि गावभर चघळली जाऊ लागली. व्यवस्थापक रणपिसे साहेबांनी विश्वस्तांपुढं सरळ बोट दाखवलं ते संगणक सांभाळणाऱ्या शलाकाकडं. "चोर हीच! आजच हाकला हिला."

शलाकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, इथल्या प्रत्येक कागदाची नक्कल बॅकअपमध्ये राहते, पुसलेल्याचीसुद्धा. तो बॅकअप आत येणाऱ्याचं नाव तेवढं विचारतो. कुणी काय बघावं याला आडकाठीच नाही. तीन महिन्यांपूर्वी मी हे तुम्हाला लेखी कळवलं होतं."

"खोटारडी! असलं पत्र मला आलंच नाही. आणि माझ्या कागदांना हात लावायची कुणाची टाप आहे?"

शलाकानं स्वयंपाकघरातून गिरजामावशीला बोलावलं. मावशीला संगणक यायचा तो रोग्यांच्या पथ्याची यादी भरण्यापुरता.

"मावशी, तुमच्याच नावानं आत जा आणि साहेबांनी पुसलेली पत्रं मागा."

मावशीनं पदराला हात पुसले, शलाकानं दाखवली ती दोन बटणं दाबली. पडद्यावर शलाकाचं पत्र जसंच्या तसं उभं राहिलं. वर साहेबांचा शेरा होता, 'नसती कटकट.'

शलाका कडाडली, "आलंच नव्हतं, तर पुसलंत काय? आणि कुणाची टाप नाही, तर मावशीनं काढलं कसं?"

विश्वस्तांनी तिथंच राजीनामा मागितला, तो साहेबांचा.

मावशी जाता जाता म्हणाली, "अहो साहेब, माझ्या साखरेच्या डब्यालासुद्धा कुलूप आहे हो!"