आवाज न करणारा बिघाड

एकदा एका शहरात जमिनीखालच्या केबलचा बिघाड कानाने शोधणारे एक वृद्ध जाणकार होते. नाना म्हणत त्यांना. त्यांचा शिष्य मुकुंद हा चाळिशीचा, संसारी आणि स्वतःवर भलताच खूश असलेला गृहस्थ!

त्या दिवशी एका वसाहतीची वीज गेली होती. काम सुरू करण्याआधी डबा खाताना मुकुंद म्हणाला, "नाना, सासूबाई वारल्यापासून आमच्या घरी भांडण नाही बघा. तिच्या आईला इथं आणू या म्हणून आमची बायको शालन चार वर्षं माझं डोकं खात होती. मी काही बधलो नाही. म्हातारी गावी एकटी असतानाच वारली. मला वाटलं, आता ही आकाशपाताळ एक करणार. पण छे! सहा महिने चकार शब्द नाही. घर कसं शांत!"

नानांनी डबा झाकून यंत्र सुरू केले.

यंत्राने केबलमध्ये विजेचे झटके सोडले की बिघाडाच्या जागी ठिणगी उडते आणि जमिनीखाली 'धप्प' असा आवाज होतो. मुकुंद कानाला हेडफोन लावून, जागोजागी जमिनीवर मायक्रोफोन टेकवत केबलच्या अख्ख्या वाटेवर फिरून आला. "कुठंच आवाज नाही, नाना. केबल ठणठणीत!"

"मग दिवे का लागत नाहीत, शहाण्या?" असे म्हणत नानांनी चक्क यंत्रच बंद केले. बिघाड सापडला नाही आणि हे यंत्र बंद करतात? मुकुंद बघतच राहिला.

"अरे, ठिणगी उडायला फट लागते," नाना म्हणाले. "ती उरली आहे तोवरच केबल ओरडते. आतली तार जळून कवचाला पुरती चिकटली, की कितीही झटके दे, ती हूं की चूं करत नाही. सर्वांत वाईट बिघाड तो. आणि नवशिका नेमकं त्यालाच ठणठणीत म्हणतो. सहा महिने म्हणालास ना?"

मुकुंदने कानावरचा हेडफोन काढला. "यावर उपाय काय, नाना?"

"केबलसाठी दुसरं यंत्र आहे, उद्या आणू. माणसांसाठी असतं, तर बायको असून मी सतरा वर्षं घरी एकट्यानं जेवलो असतो का?"

संध्याकाळी शालन मेथी निवडत होती. मुकुंद तिच्यासमोर खालीच बसला. "चुकलं माझं. तुझ्या आईला आणायला हवं होतं. अगं, भांड माझ्याशी. वाट्टेल ते बोल."

"कशाला? झालं ते झालं," शालन म्हणाली. "पान वाढू?"

मुकुंद कान देऊन बराच वेळ तसाच बसून राहिला.

घरात अजून कुणी तुमच्याशी भांडत असेल, तर बाबांनो, आजच ऐकून घ्या.