चुंदू आणि न लुकलुकणारा दिवा

फार जुनी गोष्ट नाही. तेव्हा अख्ख्या गल्लीत एकच मोटरसायकल होती. ती दिगंबरकाकांची. तिला किक मारावी लागे. किक मारून मारून काकांचा उजवा पाय डाव्यापेक्षा जाड झालाय, असं गल्ली म्हणायची.

काकांच्या फाटकाशी एक बीळ होतं. बिळात राहायची चिचुंद्री आई आणि तिची पिल्लं. संध्याकाळ झाली की सगळी निघायची. पुढे आई. आईची शेपटी ताईच्या तोंडात. ताईची शेपटी दादाच्या तोंडात. दादाची शेपटी चुंदूच्या तोंडात. चुंदू सगळ्यात छोटा. म्हणून सगळ्यात मागे.

वाट ओलांडली की पेरूचं झाड. झाडाखाली किडेच किडे.

तेवढ्यात काकांची गाडी यायची. फट फट फट. वळताना तिचा पिवळा दिवा करायचा लुक लुक, लुक लुक. आई म्हणायची, "थांबा." सगळी थांबायची. गाडी आत जायची. मग सगळी पलीकडे.

एके दिवशी दिवा लुकलुकलाच नाही. काकांनी वळताना हात दाखवला. पण हात होता उंच, आणि चिचुंद्र्या होत्या खाली. चाक आलं. चुंदू घाबरला. "आई," म्हणाला. तोंड उघडलं, शेपटी सुटली. सगळी पलीकडे, चुंदू एकटाच अलीकडे.

आई परत आली. चुंदूला हुंगलं. म्हणाली, "दिवा लुकलुकेपर्यंत तू घरीच राहायचं."

दुसऱ्या दिवशी चुंदू निघाला. लुटुलुटु, लुटुलुटु. गाडीवर चढला. घसरला. परत चढला.

"दिवेदादा, दिवेदादा, लुकलुक कर. आई मला नेईना."

दिवा म्हणाला, "माझं काही नाही बाबा. वायरने वीज आणली, तर लुकलुकेन."

चुंदू वायरकडे गेला. लुटुलुटु, लुटुलुटु.

"वायरताई, वायरताई, वीज आण. दिवा लुकलुकेना, आई मला नेईना."

वायर म्हणाली, "मी आपली आणून देणारी. डबी टिकटिकली, तर आणेन."

सीटखाली एक गोल डबी होती. दिव्याला उघडझाप करायला तीच सांगायची. चुंदू डबीकडे गेला. लुटुलुटु, लुटुलुटु.

"डबीमावशी, डबीमावशी, टिकटिक कर. वायर वीज आणेना, दिवा लुकलुकेना, आई मला नेईना."

डबी म्हणाली, "पूर्वी मी अशी टिकटिकायचे, की लोक घड्याळं लावायचे. आता बॅटरीने जोर लावला, तर टिकटिकेन."

घड्याळं कुणीच लावत नव्हतं. पण चुंदूला घाई होती. बॅटरीकडे गेला. लुटुलुटु, लुटुलुटु.

"बॅटरीआजी, बॅटरीआजी, जोर लाव. डबी टिकटिकेना, वायर वीज आणेना, दिवा लुकलुकेना, आई मला नेईना."

बॅटरी म्हणाली, "घशाला कोरड पडली रे. नळाचं पाणी मला चालत नाही. काकांनी बाटलीतलं पाणी घातलं, तर लावेन."

काका पायरीवर बसले होते. चष्मा कपाळावर होता, आणि ते चष्मा शोधत होते. चुंदू काकांकडे गेला. लुटुलुटु, लुटुलुटु.

"काका, काका, पाणी घाला. बॅटरी जोर लावेना, डबी टिकटिकेना, वायर वीज आणेना, दिवा लुकलुकेना, आई मला नेईना."

काका म्हणाले, "बाटली कधीची आणून ठेवलीय. पण चहाआधी मी कामाला हात लावत नाही. कचेरीतही लावत नसे. काकूंनी चहा टाकला, तर घालेन."

काकू स्टोला पंप मारत होत्या. फुस फुस, फुस फुस. चुंदू काकूंकडे गेला. लुटुलुटु, लुटुलुटु.

"काकू, काकू, चहा टाका. काका पाणी घालीनात, बॅटरी जोर लावेना, डबी टिकटिकेना, वायर वीज आणेना, दिवा लुकलुकेना, आई मला नेईना."

काकू म्हणाल्या, "कसा टाकू? चहाच्या डब्यावर झुरळ बसलंय. ते उतरलं, तर टाकेन."

काकांना गप्प बसवणाऱ्या काकू झुरळाला मात्र घाबरत.

खालच्या फळीवर चहाचा डबा. डब्यावर झुरळ. जाडजूड, चकचकीत. चुंदू झुरळाकडे गेला. लुटुलुटु, लुटुलुटु.

"झुरळराव, झुरळराव, खाली उतरा. काकू चहा टाकीनात, काका पाणी घालीनात, बॅटरी जोर लावेना, डबी टिकटिकेना, वायर वीज आणेना, दिवा लुकलुकेना, आई मला नेईना."

झुरळाने मिशा हलवल्या. म्हणालं, "नाही उतरत."

चुंदू वाट बघत राहिला. आता हे पुढचं नाव सांगेल. पण झुरळाने कुणाचंच नाव सांगितलं नाही. पुढे कुणी नव्हतंच. होता तो चुंदूच.

चुंदूचं पोट वाजलं. गुडगुड, गुडगुड.

चुंदू म्हणाला, "झुरळराव, मी चिचुंद्रीचा मुलगा. आम्ही झुरळं खातो. मी अजून खाल्लेलं नाही. आज खाऊन बघू का?"

झुरळ सुर्रकन उतरलं. फळीखालून गेलं. मोरीतून गेलं. गेलं ते गेलंच.

झुरळ उतरलं, काकूंनी चहा टाकला. खळखळ, खळखळ.

काकूंनी चहा टाकला, काकांनी तो बशीत ओतून प्यायला. भुर्र भुर्र. मग उठले, आणि बॅटरीत पाणी घातलं. डुबुक डुबुक.

काकांनी एक किक मारली. दुसरी मारली. मग ते गाडीला काहीतरी म्हणाले. ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण गाडीला पटलं. फट फट फट. काका बाजाराला मोठी चक्कर मारून आले, तोवर बॅटरीच्या अंगात चांगला जोर आला.

संध्याकाळ झाली. गाडी फाटकाशी वळली.

बॅटरीने जोर लावला, डबी टिकटिकली.
डबी टिकटिकली, वायरने वीज आणली.
वायरने वीज आणली, दिवा लुकलुकला.

लुक लुक, लुक लुक. भिंत पिवळी, पेरू पिवळा, चुंदूचं नाकही पिवळं.

आई म्हणाली, "थांबा." सगळी थांबली. गाडी आत गेली. दिवा विझला.

आई निघाली. आईमागे ताई. ताईमागे दादा. दादामागे चुंदू.

आईने विचारलं, "चुंदू, शेपटी धरलीस ना?"

चुंदू काही बोलला नाही. त्याच्या तोंडात शेपटी होती.